सरकलेलं शून्य

शून्य ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे. ते कुठेही न्या, कुणाच्याही हातात द्या, शून्य हे शून्यच राहतं. गणित, विज्ञान आणि आपला राष्ट्रीय अभिमान हे तिन्ही याच एका गोष्टीवर उभे आहेत. १९७४ च्या मार्च महिन्यात आमच्या कारखान्यात ते दहा डेसिबल खाली सरकलं.

सरकलं त्या सकाळी मी कारखान्याच्या दवाखान्यात नारळ धरून उभा होतो. सांगली-मिरज रस्त्यावरचा आमचा कारखाना लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर बनवायचा. आसपासच्या चार जिल्ह्यांतल्या लग्नांत, उरुसांत आणि निवडणुकांत जो काही गोंगाट व्हायचा, त्यात आमचा वाटा मोठा होता. कामगारांचे कान वर्षातून एकदा तपासायचे असा नियम होता आणि त्यासाठी नवं मशीन आलं होतं. पहिला मान मॅनेजर खांबेटेसाहेबांचा.

"साहेब, कपाटाकडे तोंड करून बसा," कंपाउंडर शिरगुप्पे म्हणाला. "आवाज आला की बोट वर करायचं."

"कसला आवाज?"

"बारीक शिट्टी. प्रत्येक वेळी आणखी बारीक होत जाईल. आधी उजवा कान, मग डावा."

खांबेटेसाहेब मशीनकडे पाठ करून, औषधांच्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून बसले. कानांवर काळे फोन चढवले. शिरगुप्पे बटण दाबायचा, मशीनवरचा लाल दिवा लागायचा आणि साहेबांचं बोट संथपणे, आशीर्वाद दिल्यासारखं वर जायचं. उजवा कान पंधरा डेसिबल. डावा पाच.

"डावा तर तरुण माणसाचा आहे, साहेब," शिरगुप्पे म्हणाला. या मशीनवर आकडा जितका लहान तितका कान चांगला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग आम्हा अधिकाऱ्यांचे कान झाले. माझा उजवा वीस निघाला, डावा पंधरा. डाव्यातला आवाज फारच नाजूक होता, पण चांगल्या मशीनचं ते लक्षणच. शेवटी टायपिस्ट नलिनी गुळवणी बसल्या. उजवा उत्तम. डाव्याला बोटच वर जाईना.

"लक्ष द्या, बाई," शिरगुप्पे म्हणाला.

"देतेय. काही येतच नाही."

"आता पार वर नेलाय. नव्वद."

"नाही हो येत."

डावा कान पूर्ण निकामी, असं शिरगुप्पेनं कार्डावर लिहिलं. बाई चोवीस वर्षांच्या होत्या आणि इचलकरंजीच्या एका घरी त्यांच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मिरजेच्या डॉक्टरांना कानात काही दिसलं नाही, तेव्हा दुखणं आत खोल असणार असं ठरवून त्यांनी थेंब दिले. बाई डाव्या कानात कापसाचा बोळा घालून टाइप करू लागल्या.

मी तिथे नारळ धरायला का होतो, तर त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समधली मापं बदलत होती. वरून परिपत्रक आलं होतं की जुनी एककं जाऊन नवी येणार, सर्व नकाशे, खोकी आणि पाट्या दुरुस्त कराव्यात. मी इंजिनियर होतो आणि बिनलग्नाचा, म्हणजे मोकळा होतो, म्हणून 'एकक-बदल अधिकारी' हे पद माझ्याकडे आलं. जिथे सेकंदाला अमुक सायकल असं लिहिलेलं असेल तिथे अमुक हर्ट्झ लिहायचं. आकडा तोच. "मग बदललं काय?" असं प्रत्येकजण विचारायचा. मी "नाव" म्हटलं की समोरचा माझ्या पगाराचा अंदाज बांधत निघून जायचा.

स्टोअरमध्ये मायक्रो-मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा एक खण होता. त्यालाच आता पिकोफॅरड म्हणायचं होतं. स्टोअरकीपरनं नवी पाटी लावून शेजारी दुसरा खण केला आणि नवा माल त्यात भरला. पहिला खण रिकामा झाला तेव्हा त्यानं जुन्या नावानं मागणी पाठवली. पुरवठादारानं कळवलं की या नावाचा माल आता निघत नाही. ॲम्प्लिफायरची लाईन चार दिवस बंद होती. शेजारचा खण काठोकाठ भरलेला होता.

तर अशा वातावरणात बाळगोंडा मगदूम माझ्या टेबलाशी आले.

मगदूम चाचणी विभागातले सगळ्यांत जुने. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चाचणी विभाग म्हणजे एक लांबलचक पत्र्याची खोली. तयार झालेला प्रत्येक लाउडस्पीकर तिथे पूर्ण आवाजात वाजवून बघायचे. सव्वीस माणसं सकाळी आत जायची आणि संध्याकाळी बाहेर येऊन बराच वेळ एकमेकांशी खुणांनी बोलायची. अण्णा उंच, शांत, कमी बोलणारे. स्पीकर तपासताना ते त्याच्या कागदी पडद्यावर तीन बोटं टेकवून डोळे मिटत आणि मग मान हलवत, होकाराची किंवा नकाराची. त्यांचं बघून बाकीचे पंचवीसही तसंच करत. त्यांनी पास केलेला स्पीकर परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. कान पंचेचाळीस डेसिबल. चाळीसच्या वर गेलेला माणूस चाचणी विभागात अपात्र, असा नियम होता. महिनाअखेर सेवा समाप्त, क्वार्टर रिकामं करावं.

"सायेब, मापं बदलायचं काम तुमच्याकडं हाय म्हणं."

"आहे."

"मग ह्ये बी बघा की. माझं दरसाली पस्तीस असतंय. शिरगुप्पेला इचारा."

"वय झालं की कान उतरतात, अण्णा."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "उतरत्यात की. पन एका वर्सात धा?"

"निवृत्तीला किती राहिलं?"

"दोन वर्सं. पोरगं डिप्लोमाला हाय, तवर त्याचं बी हुतंय. गावाकडचं घर भावानं घेतलं. आता हितनं उठलो तर बायकोला घेऊन बसू कुठं, सायेब?" आवाज चढलेला नव्हता. कुणी बसची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं.

मशीनसोबत एक माहितीपुस्तिका आली होती. ती दवाखान्यात वजनकाट्याच्या एका पायाखाली होती. मी ती काढून वाचली. निरोगी माणसाला जेमतेम ऐकू येईल असा आवाज म्हणजे कानाच्या मापातलं शून्य. जुनं शून्य ज्यांनी ठरवलं त्यांनी ते धड शांत नसलेल्या खोल्यांत, मिळतील त्या माणसांवर ठरवलं होतं. नंतर लोकांनी ते शांत खोल्यांत, तरुण कानांवर पुन्हा मोजलं, तर ते साधारण दहा डेसिबल खाली निघालं. जगानं मग नवं शून्य धरलं. आमचं जुनं मशीन जुन्या शून्यापासून मोजायचं, नवं नव्यापासून. जुनं पस्तीस तेच नवं पंचेचाळीस. अण्णांचा कान जिथल्या तिथे होता. मोजायची सुरुवात खालून झाली होती, एवढंच.

मी पुस्तिका घेऊन खांबेटेसाहेबांकडे गेलो.

"बसा, आजगावकर. शून्याचं काय झालं म्हणता?"

"सरकलं, सर."

"कुठे?"

"खाली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "शून्य सरकत नसतं. शून्य सरकायला लागलं तर आपल्या ताळेबंदाचं काय होईल?"

"ते वेगळं शून्य, सर."

"शून्यं दोन असतात हे मी आजच ऐकतोय. हे बघा, नियमात चाळीस लिहिलंय. पंचेचाळीस चाळीसपेक्षा मोठे आहेत. तुमच्या नव्या एककांतही मोठेच असतील?"

"मोठेच आहेत."

"मग झालं तर." मी उठलो तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या हिशेबानं माझा डावा कान किती?"

"पाचातून दहा गेले. उणे पाच, सर."

"म्हणजे वाईट?"

"नाही. निरोगी माणसाला जे ऐकू येत नाही, त्यातलंही थोडं तुम्हाला ऐकू येतं."

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. काहीतरी ऐकत असावेत. "ते असेल," ते म्हणाले. "मगदूमचं मात्र नियमानं."

रविवारी संध्याकाळी मी अण्णांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. अण्णा आतल्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून, एका ट्रंकेला सुंभ आवळत होते. मी दोनदा हाक मारली. कामात अगदी गढलेला माणूस. त्यांच्या पत्नी सुंदराबाई स्वयंपाकघरातून आल्या, मला बघितलं आणि फरशीवर दोनदा पाय आपटला. अण्णा वळले.

"सायेब आल्यात," त्या म्हणाल्या.

चहा झाला. मी शून्याची हकिगत सांगितली, साहेबांचं उत्तर सांगितलं. भिंतीवरच्या खुंट्या मोकळ्या झाल्या होत्या. जिथे तसबिरी होत्या तिथे रंगाचे चौकोन राहिले होते.

"म्हंजे यांचं पंचेचाळीस न्हाई?" सुंदराबाईंनी विचारलं.

"नाही, वहिनी. पस्तीसच. काडीचा फरक नाही."

"मग मला कसं जास्त वाटतंय?"

"काय म्हनती?" अण्णांनी मला विचारलं.

"काही न्हाई. चहा गार हुतोय म्हनते," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे तोंड वळवून, सावकाश, एकेक शब्द. नवऱ्याशी इतक्या अदबीनं बोलणारी बाई मी पाहिली नव्हती. परत जाताना मला वाटलं, या घराला न्याय मिळायला हवा.

न्याय सोमवारी मिळाला. अण्णा सेवाज्येष्ठतेनं पहिले होते म्हणून त्यांचा कागद आधी वर गेला होता. सोमवारी बाकीच्या पंचवीस जणांचे कागद एकदम साहेबांच्या टेबलावर आले. सगळे पंचेचाळीस. एकही चाळीस नाही, एकही पन्नास नाही. डावा पंचेचाळीस, उजवाही पंचेचाळीस. सगळ्यांचं जुन्या मशीनवरचं माप पस्तीस होतं. इतके स्वच्छ आकडे मी कॉलेजच्या प्रयोगवहीतही पाहिले नव्हते, आणि ते तर आम्ही प्रयोग न करताच लिहायचो. मला भरून आलं. माहितीपुस्तिकेत 'साधारण' दहा म्हटलं होतं. आमच्या कामगारांनी ते काटेकोर दहा करून दाखवलं होतं.

साहेबांनी मला बोलावलं. जत्रांचा हंगाम तोंडावर होता आणि गोदामात नऊशे स्पीकर तपासायचे पडले होते.

"आजगावकर, ते शून्य. किती सरकलंय म्हणालात?"

"दहा, सर."

"बारा वगैरे नसेल?"

"दहा पुरतात."

"आंतरराष्ट्रीय आहे ना हे?"

"पूर्ण आंतरराष्ट्रीय."

"मग जग जिथे गेलं तिथे आपण जायला हवं. परिपत्रक काढा."

मी परिपत्रक काढलं. नव्या मशीनवरच्या प्रत्येक मापातून दहा वजा करून ते ग्राह्य धरावं. ते गुळवणीबाईंनी टाइप केलं, कापसाच्या बोळ्यासह. नियमाप्रमाणे त्यांच्याही कानातून दहा वजा झाले आणि नव्वदाचे ऐंशी झाले. शिरगुप्पे त्यांना म्हणाला, औषध लागू पडतंय. इचलकरंजीकडची मंडळी मात्र आधीच गप्प झाली होती.

दुपारी सगळा चाचणी विभाग पात्र झाला. कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. सव्वीसच्या सव्वीस माणसं मर्यादेबाहेर गेलेली बघून त्यांनी त्या खोलीसाठी कानात घालायच्या रबरी बुचांची मागणी लिहून ठेवली होती. साहेबांनी ती माझ्यासमोर फेटाळली. सगळे पस्तीस आहेत, बुचं कशाला? मी ती फायलीला लावली, कारण आकडे माझेच होते.

संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन आले. "सायेब, माप बदलून दिलंत," म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ट्रंक सुटली. तसबिरी परत चौकोनांवर गेल्या. आठ दिवसांनी सुंदराबाई बाजारात भेटल्या.

"मशीन म्हनतंय त्यांचं कान झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "मग माझाच आवाज बसला असंल."

दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत कारखान्यानं त्यांना आमचाच एक लाउडस्पीकर दिला. सभा संपल्यावर आम्ही दोघं फाटकाकडे चालत निघालो. मी एका हातानं खोकं सावरत बोलत होतो, मुलाच्या नोकरीबद्दल काहीतरी. उत्तर येईना. मी थांबलो. अण्णा चार पावलं तसेच पुढे गेले, मग शेजारी कुणी नाही हे बघून वळले.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "अण्णा, खरं सांगा. किती ऐकू येतं?"

त्यांनी माझं तोंड शेवटपर्यंत वाचलं आणि हसले. "भोंगा कळतोय. पायातनं."

"कधीपासून?"

"तुम्ही लागायच्या आधीपासनं."

"मग ते पस्तीस?"

"आता सांगायला काय हरकत न्हाई." त्यांनी खोकं माझ्याकडून घेतलं. "शिरगुप्पे बटण दाबतोय तवा मागं लाल दिवा लागतोय. समोरच्या कपाटाच्या काचंत दिसतोय त्यो. दिवा लागला की बोट वर. जुन्या मशीनला बी तसाच दिवा हुता. धा येळा बोट वर करायचं आनि मग गप बसायचं. सगळ्याला बोट केलं तर डॉक्टर म्हनंल ह्या खोलीत राहून ह्याचं कान इतकं चांगलं कसं."

मी मनात हिशेब केला. जुनं मशीन ऐंशीपासून पाच-पाचनं खाली यायचं. दहावं बोट पस्तीसला पडायचं. नवं नव्वदपासून सुरू व्हायचं. दहावं बोट पंचेचाळीसला.

"बाकीचे?"

"मीच शिकवलं की. येताना परत्येकाला सांगायचो. कुनाला येत असंल ऐकू, कुनाला नसंल. पन धा म्हंजे धा."

"म्हणजे शून्य सरकलं त्याचा काही..."

माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं शून्य बरोबर हुतं, सायेब. त्येच्यामुळंच तर वाचलो."

अण्णा गावाजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेले. स्पीकर त्यांनी खोक्यातून काढला नाही, असं मुलगा म्हणाला. पुढच्याच पावसाळ्यात गेले, झोपेत. सुंदराबाई नंतर कधी भेटल्या तर मोठ्यांदा बोलायच्या, फरशी नसली तरी आधी पाय आपटायच्या.

कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. ती घोषणा खांबेटेसाहेबांनी पटांगणात, आमच्याच स्पीकरवरून केली. आवाज अगदी स्वच्छ होता. ॲम्प्लिफायरच्या लाईनवर काम करणाऱ्या बायका रडायला लागल्या. चाचणी विभागातली माणसं एका बाजूला गटानं उभी होती. ती साहेबांकडे बघतच नव्हती. ती त्या बायकांचे चेहरे बघत होती, आणि कारखाना बंद झाल्याचं त्यांना तिथून कळलं.

भंगाराचा लिलाव झाला तेव्हा दवाखान्यातल्या सामानावर सही करायला शिरगुप्पे आणि मी होतो. मशीनची हमी संपून जमाना झाला होता, सील तसंच होतं. आत काय आहे ते एकदा बघावं म्हणून मी झाकणाचे स्क्रू काढले. उजव्या फोनची तार जागेवर होती. डाव्याची मोकळी लोंबत होती. तिला सोल्डर लागलेलंच नव्हतं. टोकाचं तांबं तापल्याची खूणही नव्हती. मशीन बनलं तेव्हा जोडायची राहिली होती.

"म्हणजे डाव्या कानात आवाज जातच नव्हता?" शिरगुप्पे म्हणाला.

"नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच."

तो स्टुलावर बसला. "मग त्या गुळवणीबाई? त्या अजून डाव्या कानात कापूस घालतात, साहेब. परवाच दिसल्या."

मी झाकण परत बसवायला घेतलं. एक स्क्रू सापडत नव्हता.

"पण तुमचा डावा तर पंधरा आला होता," शिरगुप्पे म्हणाला.

"पाच," मी म्हणालो. "परिपत्रकाप्रमाणे दहा वजा करायचे."